पाय लांबवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : दिवस बेतायचा कसा, धीर टिकवायचा कसा

उंची वाढवण्यासाठी पायांची हाडं लांबवून घेतलेल्या माणसांसोबत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ही शस्त्रक्रिया करावी की करू नये, या वादात मला इथे पडायचं नाही. ज्यांची झाली आहे किंवा ज्यांची तारीख ठरली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑपरेशन काही तासांत उरकतं. पुढचे सहा-आठ महिने, कधी वर्षभर, जे चालतं ते तुमचं तुम्हालाच निभवायचं असतं. आणि त्यात बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं : जरा बरं वाटलं की चार दिवसांचं काम एका दिवसात करायचं आणि मग तीन दिवस पडून राहायचं.

आधी मिलिमीटरचा हिशेब

सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव या सर्जनने १९५० च्या दशकापासून हे तंत्र घडवलं. हाड कापायचं, काही दिवस तसंच ठेवायचं आणि मग दोन्ही टोकं अगदी सावकाश एकमेकांपासून लांब न्यायची. मधल्या फटीत शरीर नवं हाड तयार करतं. कुत्र्यांच्या पायांवर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं की दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड वेळेआधीच जुळायला लागतं, दोन मिलिमीटर ताणलं तर नीट तयारच होत नाही, आणि एक मिलिमीटर मानवतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तोच एक मिलिमीटर एका झटक्यात देण्यापेक्षा अनेक बारीक टप्प्यांत दिला, तर हाडही चांगलं होतं आणि आजूबाजूचे स्नायू, नसाही तो ताण सोसतात.

म्हणून तुमचा सर्जन दिवसाचा एक मिलिमीटर तीन-चार वेळांत विभागून द्यायला सांगतो. नडगीच्या हाडाला बरेच जण पाऊण मिलिमीटरच देतात. तुम्हाला बाहेरून रिंग (पिनांनी हाडाला जोडलेली धातूची चौकट) लावली असेल, हाडात चुंबकाने लांबणारा रॉड असेल किंवा दोन्हींची सांगड असेल, तत्त्व एकच आहे. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. माझा अनुभव असा की व्यायाम, चालणं, झोप आणि मनाचा धीर, या सगळ्यांना हेच माप लागू पडतं.

आता कॅलेंडर मांडा. ऑपरेशननंतर पाच ते दहा दिवस काहीच ताणायचं नसतं. मग पाच सेंटिमीटर हवे असतील तर रोज एक मिलिमीटरने पन्नास दिवस लागतात आणि पाऊण मिलिमीटरने सदुसष्ट. लांबवणं थांबलं तरी नवं हाड मऊच असतं. ते पक्कं व्हायला एकूण धरून दर सेंटिमीटरमागे साधारण एक ते दीड महिना लागतो. म्हणजे पाच सेंटिमीटरसाठी पाच ते साडेसात महिने, तेही सगळं सुरळीत झालं तर. हा आकडा घरच्यांनाही सांगा आणि कामाच्या ठिकाणीही. ‘दोन महिन्यांत चालायला लागेन’ असं सांगून बसलात, तर तिसऱ्या महिन्यात दुखण्यासोबत तोंड दाखवण्याचंही ओझं येतं.

ऑपरेशनच्या आधीच लिहून ठेवायची एक गोष्ट

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा : कोणत्या परिस्थितीत मी ठरवलेल्या उंचीच्या आधी थांबेन. सर्जनसोबत बसून लिहा. गुडघा किती अंशांपेक्षा कमी वाकायला लागला तर थांबायचं, घोटा काटकोनात येईनासा झाला तर काय, पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडला तर काय. मांडी लांबवताना गुडघा वाकायचा कमी होतो. नडगी लांबवताना पोटरी ताणली जाते, टाच वर ओढली जाते आणि चवड्यावर चालायची वेळ येते. हे सगळं हाडाचं नव्हे, स्नायूंचं आणि नसांचं दुखणं आहे. हाड रोज मिलिमीटरने वाढेल, पण स्नायू त्याच वेगाने वाढतीलच असं नाही.

हा कागद आधी लिहायचा, कारण नंतर माणूस आकड्याला चिकटतो. चार सेंटिमीटर झाले की पाच दिसतात, पाच झाले की सहा. ठणका, अपुरी झोप आणि औषधं यांच्यात घेतलेला निर्णय चांगला नसतो. थांबावं लागलं तर ती हार नाही. चार सेंटिमीटर वाढून नीट चालणारा माणूस, सहा वाढून टाच जमिनीला न टेकणाऱ्या माणसापेक्षा कितीतरी सुखात असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तंबाखू आणि सिगारेट बंद. निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो आणि या ऑपरेशनमध्ये तर नवं हाडच तयार करायचं आहे. यावर मी तडजोड करत नाही.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत फार काही कमवायचं नसतं, गमवायचंही नसतं. घोटे आणि पायाची बोटं दर तासाला हलवत राहा. खोल श्वास घ्या. रक्त पातळ ठेवायची औषधं दिली असतील तर वेळेवर घ्या, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा आहे. कडक वेदनाशामकांनी पोट बांधतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घरात पडलेल्या असतात म्हणून घेऊ नका. नव्या हाडाचा वेग मंदावण्याच्या शंकेने अनेक सर्जन त्या टाळतात. काय चालेल ते त्यांनाच विचारा.

आणि गुडघ्याखाली उशी नको. पाय दुखतो, उशी दिली की बरं वाटतं, घरची माणसं मायेने देतात. पण रात्रभर वाकलेला गुडघा तसाच आखडतो आणि तो सरळ करायला पुढे आठवडे जातात. उशी द्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होतो.

किमान माप कसं ठरवायचं

लांबवणं सुरू झालं की एक वही करा. तिच्यात रोज पाच गोष्टी : किती मिलिमीटर झाले, गुडघा किंवा घोटा किती अंश वाकतो, दुखणं दहापैकी किती, झोप किती तास, आणि किती वेळ उभे राहिलात, किती चाललात. आठवडाभर नुसतं लिहा, काही बदलू नका.

मग मागे वळून पाहा. आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी तुम्ही किती वेळ उभे राहू शकलात? किती पावलं टाकलीत? ते तुमचं किमान माप. चांगल्या दिवसाच्या भरवशावर माप ठरवू नका. वाईट दिवशी सहा मिनिटं उभं राहता येत असेल तर पाच मिनिटांपासून सुरुवात करा, दिवसातून सहा-सात वेळा. चांगल्या दिवशीही पाचच. सगळ्यात अवघड जातं ते हेच. बरं वाटत असताना घड्याळ पाहून बसायचं म्हणजे संयमाची कसोटीच.

एक मुलगा आठवतो, जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याची वही मी अजून विसरले नाही. सोमवारी ‘१२ फेऱ्या’, मंगळवारी ‘१२’, बुधवारी मोठ्या अक्षरांत ‘४०!!’ आणि त्यानंतर गुरुवार, शुक्रवार, शनिवार कोरे. रविवारी बारीक अक्षरांत ‘५’. गुडघा बुधवारी ७० अंश वाकत होता, रविवारी ५५. मी त्याला काही बोलले नाही. फक्त सातही दिवसांच्या फेऱ्यांची बेरीज करायला सांगितली. एकोणसत्तर आली. रोज बारा केल्या असत्या तर चौऱ्याऐंशी झाल्या असत्या, गुडघाही गेला नसता. त्याने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. त्यानंतर त्याच्या वहीत उद्गारचिन्ह आलं नाही.

किमान माप सलग चार-पाच दिवस पेललं, तर दहा टक्क्यांनी वाढवा, त्याहून जास्त नाही. पाच मिनिटांची साडेपाच झाली तरी पुष्कळ. आणि लांबवण्याच्या काळात वाढ होईलच असं धरूही नका. रोज ताण वाढत असताना कालचं माप आज टिकवणं हीच प्रगती आहे. अनेकांना शेवटच्या आठवड्यांत माप कमी करावं लागतं, तेही ठीक.

कोणतं दुखणं सोसायचं

व्यायामात ताण जाणवणारच. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक साधी खूण सांगते. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं तासा-दोन तासांत मूळ पातळीवर आलं, तर माप बरोबर आहे. रात्रीपर्यंत रेंगाळलं तर थोडं कमी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा जास्त दुखत असेल आणि सांधा कमी वाकत असेल तर निम्मं करा, पण पूर्ण बंद करू नका. ताणाचे व्यायाम एक दिवस सोडले तरी आखडण्याचं काम सुरूच असतं. ते सुट्टी घेत नाही.

दिवसाला तासभर एकदम ताण देण्याऐवजी दहा-दहा मिनिटं सहा वेळा द्या. इलिझारोवचाच नियम. मांडीचं ऑपरेशन असेल तर गुडघा वाकवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं आणि पालथं झोपणं या तिन्ही गोष्टी रोज झाल्याच पाहिजेत. पालथं झोपल्याने खुब्यापुढचे स्नायू मोकळे होतात. ते आखडले की कंबर पुढे वाकते आणि माणूस बदकासारखा डुलत चालायला लागतो. नडगीचं ऑपरेशन असेल तर पट्टा पायाच्या चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढायचा, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, कारण पोटरीत दोन वेगवेगळे स्नायू आहेत. रात्री घोट्याची स्प्लिंट (घोटा ठरावीक कोनात धरून ठेवणारा आधार) दिली असेल तर झोप येत नाही म्हणून काढून ठेवू नका. फिजिओथेरपिस्टला सांगा, कोन बदलता येतो, मधे थोडा वेळ सैल करता येते.

टाचेची परीक्षा मी कागदाने घेते. उभं राहायला परवानगी असलेला माणूस आधार धरून उभा राहतो, मी टाचेखाली वहीचं पान सरकवते आणि हळूच ओढते. पान अडलं तर टाच टेकते आहे. अलगद निघून आलं तर पोटरी मागे पडते आहे. घरीही हे करता येतं, सोबतीला कुणीतरी हवं. पान सलग तीन दिवस अलगद निघालं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका, सर्जनला कळवा.

आणखी एक. बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. लॅपटॉप घेऊन तीन तास खुर्चीत बसलात तर खुबे आणि गुडघे तीन तास वाकलेले राहतात. अर्ध्या तासाचा गजर लावा. गजर झाला की आडवं व्हा, पाय सरळ करा, जमल्यास पालथे पडा, मग पुन्हा कामाला बसा. घरून नोकरी करणाऱ्यांचे गुडघे मला जास्त आखडलेले दिसतात, आणि त्यांना वाटत असतं की आपण पायांना आराम देतो आहोत.

वजन किती टाकायचं

रॉड कोणता आहे आणि नवं हाड किती भरलं आहे, यावर सर्जन प्रत्येक पायावर किती किलो भार चालेल ते सांगतात. आकडा सांगितला नसेल तर विचारून घ्या. ‘हलकंच टेका’ हे मोजता येत नाही. एका पायाखाली वजनकाटा ठेवा, दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीची घट्ट फळी. वॉकर धरून हळूहळू भार द्या आणि सोबतच्या माणसाला काटा वाचू द्या. दहा वेळा केलं की तेवढा भार कसा लागतो ते पायाला कळतं. पहिल्यांदा जवळजवळ सगळेच ठरलेल्यापेक्षा जास्त टेकवतात. रॉड वाकणं किंवा मोडणं या गोष्टी घडतात, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रात्री

ठणका रात्रीच वर येतो. दिवसा लोक, कामं, आवाज असतात. रात्री फक्त पाय असतात. लांबवण्याचा दिवसातला शेवटचा टप्पा ऐन झोपेच्या वेळी न घेता संध्याकाळी घेता येईल का, हे सर्जनला विचारा. वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका, आणि एखादा टप्पा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट तर मुळीच देऊ नका. झोपण्याआधीचा व्यायाम हलका ठेवा. मध्यरात्री जाग आली तर घोटे हलवणं, कूस बदलणं, ठरलेली गोळी, पाण्याचा घोट असा क्रम एका कागदावर लिहून पलंगाशेजारी लावा. त्या वेळी डोकं चालत नाही, कागद चालतो. फोनवर इतरांचे चालण्याचे व्हिडिओ तेव्हा पाहू नका. कुणाची नडगी, कुणाची मांडी, कुणाचे तीन सेंटिमीटर, कुणाचे सात. तुमच्या पायाशी त्यांचा हिशेब जुळत नाही.

दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. रात्रीची मोडलेली झोप दुपारी भरून काढली की पुढची रात्र आणखी मोठी होते.

मन खचतं तेव्हा

दोन उतार मी वारंवार पाहिले आहेत. पहिला लांबवणं सुरू झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. भेटायला येणारे कमी झालेले असतात, दुखणं वाढलेलं असतं आणि ‘मी हे का केलं?’ हा प्रश्न रोज येतो. दुसऱ्या उताराची कुणाला कल्पना नसते. लांबवणं संपलं, हवी ती उंची मिळाली, आता आनंद व्हायला हवा, आणि तरी पाय वॉकरशिवाय पुढे पडत नाही. मोजण्यासारखं रोज काही उरत नाही. हाड आतल्या आत पक्कं होत असतं, ते फक्त एक्स-रेत दिसतं. या काळासाठी वहीत मिलिमीटरच्या जागी दुसरं काहीतरी मोजायला घ्या : किती अंश गुडघा परत आला, न थांबता किती पावलं, एका रात्री सलग किती तास झोप.

लपवण्याचं ओझं फार जड असतं. या शस्त्रक्रियेबद्दल लोक पटकन बोलून जातात म्हणून अनेक जण ‘अपघात झाला’ सांगतात. कुणाला काय सांगायचं हा तुमचा अधिकार आहे. पण निदान दोन माणसांना खरं माहीत हवं : एक घरातलं, एक घराबाहेरचं. खरं कारण माहीत नसलेल्या माणसासमोर धड रडताही येत नाही.

जो तुमची काळजी घेतो, त्यालाही माप लागू करा. आई, भाऊ, जोडीदार, जो कोणी रात्री उठून पाणी देतो, त्याला आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा मिळालाच पाहिजे. दमलेला माणूस चिडतो, त्याच्या चिडण्याने तुम्ही खचता, आणि दोष कुणाचाच नसतो.

पश्चात्ताप होणं म्हणजे निर्णय चुकला असं नाही. दुखऱ्या शरीराचं ते बोलणं असतं आणि बरेचदा झोप सुधारली की निवळतं. पण दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, जेवण सुटलं, किंवा उंची वाढूनही आरशातलं शरीर तितकंच नकोसं वाटत राहिलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जगणं नको असा विचार आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचा. पायाचं सगळं नंतर बघता येईल.

हे दिसलं की माप-बिप बाजूला

एका पोटरीला अचानक सूज आणि कळ, धाप लागणं, छातीत दुखणं. औषधांना न जुमानणारं, वाढतच जाणारं दुखणं आणि बोटं कुणी नुसती हलवली तरी असह्य कळ. बोटं गार किंवा निळसर पडणं. या गोष्टींत थेट इस्पितळ, रात्र असली तरी.

पाऊल किंवा अंगठा वर उचलता न येणं, पावलाच्या वरच्या भागावर न जाणारा बधिरपणा, ताप, पिनेभोवती लाली आणि पू, काहीतरी मोडल्यासारखा आवाज येऊन एकदम दुखायला लागणं. यात त्याच दिवशी सर्जनला फोन, आणि त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत पुढचा टप्पा देऊ नका. नसेचं दुखणं वेळेत सांगितलं तर वेग कमी करून किंवा थांबून बहुधा सावरता येतं. म्हणून ‘मुंग्या तर सगळ्यांनाच येतात’ म्हणून गप्प राहू नका.

लांबवण्याच्या काळातले दर आठवड्या-दोन आठवड्यांचे एक्स-रे चुकवू नका. हाड वेळेआधी जुळतंय की मागे पडतंय, हे बाहेरून कळत नाही.

कुबड्या सोडताना

कुबड्या तारीख पाहून सोडायच्या नसतात. आधी एक्स-रे. नव्या हाडाच्या चारही बाजूंपैकी निदान तीन भरलेल्या दिसल्या की बहुतेक सर्जन पूर्ण भाराला हिरवा कंदील दाखवतात. त्यानंतर चाल. फोन समोर ठेवून स्वतःचं चालणं मागून आणि बाजूने चित्रित करा. कंबर डावी-उजवीकडे झुकते आहे का, पोट पुढे येतं आहे का? झुकत असेल तर खुब्याच्या बाजूचे स्नायू अजून तयार नाहीत. दोन कुबड्यांवर सरळ चालणं हे कुबड्यांविना झुकत चालण्यापेक्षा चांगलं, कारण शरीर जी चाल गिरवतं तीच अंगवळणी पडते. मग एक कुबडी, मग घरात विनाकुबडी आणि बाहेर एक. प्रत्येक पायरीला तेच किमान माप आणि तेच दहा टक्के.

जिना शेवटी. चढताना जास्त बळकट पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी, आणि कठडा सोडायचा नाही. धावणं, उड्या, खेळ यांना सहसा वर्ष तरी जातं, आणि तेही सर्जनने एक्स-रे पाहून हो म्हटल्यावरच.

रॉड काढायचा असेल तर तो हाड पूर्ण पक्कं झाल्यावर, बहुधा ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनी काढतात. ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा खूपच छोटं असतं, म्हणून लोक ते गृहीत धरतात आणि आठवड्यात जिममध्ये जातात. पण रॉड आणि स्क्रू निघालेल्या जागी हाडात पोकळी राहते आणि ती भरायला काही आठवडे लागतात. तोवर उड्या नाहीत, जड वजन नाही. कपाटात टाकलेली जुनी वही तेव्हा पुन्हा काढा, नव्या पानावर तारीख घाला आणि पहिला आठवडा नुसतं लिहा, काही बदलू नका.